स्पॅनिश सरदार-राजदूताचं चरित्र लिहायचंय? पदव्या बाजूला ठेवा, पत्रं आणि पैसा बघा

स्पेनच्या एखाद्या काउंट, मार्किस नाहीतर ड्यूक राजदूतावर लिहायला बसलं की बहुतेक जण एकच करतात. विकिपीडियावरून पदांची यादी उचलायची, जन्म अमुक साली, मग इथे राजदूत, मग तिथे राजदूत, मग मंत्री, मग वारला, आणि वर एक झुपकेदार मिशांचं तैलचित्र. वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात जांभई. ही माणसं कंटाळवाणी होती म्हणून असं होत नाही, आपण त्यांना त्यांच्या पदव्यांवरून ओळखायला जातो म्हणून होतं. पदवी हा शेवटी लागलेला शिक्का असतो, माणूस सापडतो तो त्याच्या पत्रांत आणि पैशाच्या रडगाण्यात. हे काम कसं करायचं ते सांगते, बहुतेक सगळीकडे उदाहरण म्हणून काउंट ऑफ गोंदोमार घेते, म्हणजे राजा जेम्सच्या काळात लंडनला असलेला स्पॅनिश राजदूत, कारण त्याच्याइतकी कागदपत्रं मागे ठेवणारा दुसरा क्वचितच मिळेल, आणि जिथे काळ बदलतो तिथे बाकीच्यांना बोलावते.

सगळ्यात आधी नावाचा गुंता सोडवा, नाहीतर पुढे सगळं चुकतं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक बापाचं एक आईचं, आणि सरदार घराण्यात तर वारसा टिकवायला कुठलीही आजीची आडनावं पुढेमागे जोडतात. गोंदोमारचं खरं नाव दिएगो सार्मिएंतो दे अकुन्या, बाप गार्सिया सार्मिएंतो दे सोतोमायोर, आई हुआना दे अकुन्या. त्याला काउंट ही पदवी मिळाली १६१७ मध्ये, आणि लंडनला तो राजदूत म्हणून पोचला १६१३ मध्ये, म्हणजे त्याची पहिली चार वर्षांची लंडनची पत्रं शोधताना 'गोंदोमार' टाकलंत तर हाती फारसं काही लागणार नाही, 'सार्मिएंतो' टाकावं लागेल. उलट १६१७ नंतर सगळे त्याला गोंदोमारच म्हणतात. म्हणून एका कागदावर नावाचे सगळे अवतार सालासकट लिहून ठेवा आणि तो कागद समोर चिकटवा. आणि नावात 'दे' दिसला म्हणून माणूस सरदार ठरवू नका, 'दे' कितीतरी साध्या माणसांच्या नावात असतो.

पदवी कुठून आली हेही याच वेळी बघून घ्यायचं, कारण तिथेच अर्धी गोष्ट असते. चार तऱ्हा आहेत ढोबळ. एक, जन्माने, जसा काउंट ऑफ आरांदा, दहावा, १७१९ साली सिएतामोला जन्मलेला, आरागॉनमधलं जुनं घराणं. दोन, धाकटा मुलगा, घराणं मोठं पण स्वतःला पदवी नाही, जसा बेर्नार्दिनो दे मेंदोसा, काउंट ऑफ कोरुन्याचा मुलगा, पण पदवी गेली दुसऱ्याकडे आणि याच्या वाट्याला आली फ्लांडर्समधली घोडदळाची नोकरी आणि मग राजदूतपद. तीन, लग्नाने. होसे मारिया दे आरेइल्सा विसाव्या शतकात ब्युनॉस आयर्स, वॉशिंग्टन आणि पॅरिस अशा तीन राजधान्यांत राजदूत होता, सगळे त्याला काउंट ऑफ मोत्रिको म्हणायचे, पण पदवी होती बायकोची, मेर्सेदेस दे चुर्रुकाची. आणि चार, कामाचा मोबदला म्हणून. होसे मोनिन्यो हा मुर्सियाचा वकील, बाप नोटरी, त्याला १७७२ मध्ये रोमला पाठवलं ते पोपकडून जेझुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा संघ बरखास्त करून घ्यायला, १७७३ मध्ये संघ बरखास्त झाला आणि त्याच साली हा काउंट ऑफ फ्लोरिदाब्लांका झाला. आता आरांदा पॅरिसमध्ये राजदूत आणि फ्लोरिदाब्लांका माद्रिदमध्ये त्याचा वरिष्ठ, १७७७ पासून, असं चित्र डोळ्यासमोर आणा. पिढीजात सरदार खाली आणि नोटरीचा पोरगा वर, आणि दोघांच्याही नावापुढे तोच 'काउंट'. दोघांमधलं का जमत नव्हतं ते या एका गोष्टीवरून पुष्कळसं कळतं, पण पदव्यांच्या यादीत हे दिसतच नाही, तिथे दोघे सारखेच.

पदवीचे सरकारी कागद नंतरच्या काळात जास्त लागतात. १९३१ च्या प्रजासत्ताकाच्या घटनेत सरदारी पदव्यांना मान्यताच नव्हती, मग १९४८ च्या कायद्याने त्या परत आल्या, आणि २००६ च्या कायद्याने थोरल्या मुलीलाही धाकट्या भावाच्या आधी हक्क मिळाला. म्हणजे १९३१ ते १९४८ मधला कोणी 'मार्किस' सरकारी कागदात मार्किस नसेल आणि घरच्या पत्रात असेल, गोंधळून जाऊ नका.

आता तारखा. इथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं, म्हणून जरा सावकाश घेते. स्पेनने ऑक्टोबर १५८२ मध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, ४ तारखेनंतर थेट १५. इंग्लंडने ते घेतलं १७५२ मध्ये. मधल्या काळात, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात, दोन्हीकडे दहा दिवसांचा फरक, १७०० नंतर अकरा. वर आणि इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आता बघा काय होतं. १६२३ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र चार्ल्स आणि राजाचा लाडका सरदार बकिंगहॅम खोट्या दाढ्या लावून, स्मिथ असं नाव घेऊन, घोड्यावरून माद्रिदला आले, स्पॅनिश राजकन्येशी लग्न जमवायला, ते पोचले स्पॅनिश हिशोबाने १७ मार्च १६२३ ला. त्याच दिवशी इंग्लिश कागदावर तारीख पडेल ७ मार्च १६२२. दोन्ही बरोबर. तुम्ही दोन पुस्तकांतून दोन तारखा उचलल्या की तुमच्या लेखात राजपुत्र एक वर्ष आधीच येऊन बसतो. उपाय सोपा आहे, तारखेच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना ठेवायचा, कागद कुठला, माद्रिदचा की लंडनचा, आणि शेवटी सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये आणायच्या आणि कुठल्या ते वाचकाला एकदा सांगून टाकायचं.

दुसरी तारखांची भानगड म्हणजे 'राजदूत कधी झाला' याला एक उत्तर नसतं. नेमणूक झाली ती एक तारीख, तिथे पोचला ती दुसरी, राजाला ओळखपत्रं दिली ती तिसरी, आणि निघताना निरोप घेतला ती चौथी. मधे कित्येक महिने जातात. नेमणुकीची तारीख घेऊन 'या काळात तो तिथे होता' असं लिहिलंत तर कधीकधी माणूस अजून माद्रिदमध्ये सामान बांधत असतो.

हे नुसतं टापटिपीसाठी नाहीये. इंग्लिश दर्यावर्दी वॉल्टर रॅलेचं उदाहरण घ्या. गोंदोमारने रॅलेचं डोकं उडवून घेतलं ही गोष्ट सगळीकडे आहे, आणि तिला जोडून किस्सा असा की तो राजा जेम्सकडे गेला आणि एकच शब्द ओरडला, 'पिराटास!', चाचे चाचे म्हणून. रंगतदार आहे, सांगायला मजा येते. आता तारखा लावा. रॅलेच्या माणसांनी ओरिनोको नदीवरच्या सान तोमे या स्पॅनिश ठाण्यावर हल्ला केला जानेवारी १६१८ मध्ये, तिथला गव्हर्नर मारला गेला. रॅले परत आला जूनमध्ये. गोंदोमार लंडन सोडून गेला जुलै १६१८ मध्ये. रॅलेला फाशीखांबाकडे नव्हे तर कुऱ्हाडीखाली नेलं ते २९ ऑक्टोबर १६१८ ला, इंग्लिश तारखेने. म्हणजे शिक्षेच्या दिवशी गोंदोमार इंग्लंडमध्येच नव्हता, परत आला थेट १६२० मध्ये. त्याने दबाव आणला हे खरंच, जेम्सने शब्द दिला हेही खरं, पण कायद्याने रॅले मेला १६०३ च्या जुन्या राजद्रोहाच्या शिक्षेखाली. तुमच्या लेखात 'गोंदोमार समोर उभा राहून बघत होता' छाप वाक्य शिरलं असेल तर या चार तारखा ते खोडून टाकतात. म्हणूनच तारखांचा तक्ता आधी, किस्से नंतर.

किस्से टाकूच नका असं मी म्हणत नाहीये हां. फक्त प्रत्येक किश्शाला दोन प्रश्न विचारा, हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, आणि त्या लिहिणाऱ्याला या माणसाबद्दल काय वाटायचं. गोंदोमारबद्दलचे बरेच किस्से इंग्रजांनी लिहिलेत आणि इंग्लंडमध्ये त्याच्याइतका तिरस्कार फार थोड्या परदेशी माणसांच्या वाट्याला आला. १६२४ मध्ये, तो निघून गेल्यावर दोन वर्षांनी, लंडनच्या ग्लोब थिएटरात त्याच्यावर अख्खं नाटक आलं, बुद्धिबळाच्या सोंगट्यांचं रूपक, त्यात काळा घोडा म्हणजे हा. त्याला भगंदराचा त्रास होता, बसायला मधे भोक असलेली खुर्ची लागायची, ती खुर्चीसुद्धा रंगमंचावर आणली. नऊ प्रयोग झाले, तेव्हाचा स्पॅनिश राजदूत कार्लोस कोलोमा याने तक्रार केली आणि नाटक बंद पडलं. कोलोमाने माद्रिदला कळवलं की सगळ्यात कमी गर्दीच्या दिवशीही तीन हजारांवर माणसं होती. आता हे बघा, नाटकातून गोंदोमारचा स्वभाव घेऊ नका, पण एका राजदूताचा एवढा धसका की त्याच्या दुखण्याची टिंगल करायला हजारो लोक पैसे देऊन येतात, हे मात्र शंभर टक्के वापरण्यासारखं.

उलट बाजूचा धडा आरांदाकडून. १७८३ सालचं एक 'गुप्त निवेदन' त्याच्या नावावर फिरतं, त्यात म्हणे त्याने अमेरिका उद्या राक्षस होईल असं भाकीत केलं आणि स्पॅनिश अमेरिकेत तीन राजपुत्र बसवायची कल्पना मांडली. वाचायला जबरदस्त, आणि म्हणूनच सगळे उचलतात. पण ते खरंच त्याचं आहे का यावर इतिहासकारांत जुना वाद आहे. असं काही असलं की लेखात सरळ लिहायचं, वाद आहे म्हणून, आणि त्याच्या ऐवजी पक्कं आहे ते घ्यायचं. १७८२ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये त्याने अमेरिकन प्रतिनिधी जॉन जे याच्यासमोर मोठा नकाशा पसरला आणि अमेरिकेची पश्चिमेची हद्द कुठे असावी त्याची रेघ मारून दाखवली, जे म्हणाला मिसिसिपी नदीपर्यंत, आरांदा म्हणाला छे, बरीच अलीकडे. अमेरिकेच्या हद्दीचं त्याचं चाललं नाही, पण १७८३ च्या तहात स्पेनला मेनोर्का आणि दोन्ही फ्लोरिडा मिळाले. भाकितापेक्षा हा नकाशाचा प्रसंग किती जिवंत आहे बघा ना, आणि वादाची कटकट नाही.

मग कागद कुठे शोधायचे. स्पॅनिश सरकारी अभिलेखागारांचं पारेस नावाचं पोर्टल आहे, फुकट, घरबसल्या, पुष्कळ कागद स्कॅन करून टाकलेत आणि जे टाकले नाहीत त्यांची निदान नोंद तरी सापडते. सोळावं-सतरावं शतक असेल तर मुख्य ठिकाण सिमांकास, वायादोलिदजवळचा किल्ला, १५४० पासून राज्याचे कागद तिथे ठेवायला लागले, तिथल्या 'एस्तादो' विभागात राजदूतांचा पत्रव्यवहार देशवार लावलेला आहे. नेपोलियनच्या लोकांनी इथले गठ्ठे पॅरिसला उचलून नेले होते, काही १८१६ मध्ये परत आले आणि उरलेले थेट १९४१ मध्ये, त्यामुळे जुन्या पुस्तकात 'पॅरिसमध्ये आहे' असा संदर्भ दिसला तर तो कागद आता सिमांकासमध्ये बघा. अठराव्या शतकाच्या पुढे माद्रिदचं राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागार. घराण्याचे खाजगी कागद, म्हणजे लग्नाचे करार, जमिनी, भांडणं, यासाठी तोलेदोला सरदार घराण्यांचं वेगळं अभिलेखागार आहे, ताबेरा इस्पितळाच्या जुन्या इमारतीत. परराष्ट्र मंत्रालयाचे जुने कागद आता माद्रिदच्या याच अभिलेखागारात आणि आल्काला दे एनारेसच्या सरकारी अभिलेखागारात विभागून आहेत, विसाव्या शतकातल्या राजदूताची वैयक्तिक फाईल तिथेच मागायची.

नेमणुका तपासायला सरकारी गॅझेट बेस्ट. १६६१ पासूनचे अंक ऑनलाइन आहेत, सर्च होतात, फक्त जुन्या छपाईत अक्षरं नीट ओळखली जात नाहीत म्हणून नावाची स्पेलिंगं दोन-चार तऱ्हेने टाकून बघा. सुरुवातीला दिशा मिळायला रॉयल अकॅडमी ऑफ हिस्टरीचा चरित्रकोश, २०१८ पासून ऑनलाइन आणि फुकट. त्यातल्या जुन्या काळाच्या नोंदी छान असतात, पण विसाव्या शतकाबाबत जरा सांभाळून, छापील आवृत्ती २०११ मध्ये निघाली तेव्हा १९७५ पर्यंत स्पेनवर सत्ता गाजवलेल्या जनरल फ्रँकोच्या नोंदीत त्याला हुकूमशहा म्हटलंच नाही म्हणून स्पेनमध्ये चांगलाच गदारोळ झाला होता. आणि गंमत म्हणजे आल्बाचा ड्यूक हाकोबो, ज्याच्याबद्दल खाली येतंच आहे, तो स्वतः याच अकॅडमीचा १९२७ पासून मरेपर्यंत प्रमुख होता.

लष्करी-धार्मिक ऑर्डर्स, म्हणजे सांतियागो, कालात्रावा वगैरे, यांच्या प्रवेशाच्या फाईली पण बघा. माणूस आत घेताना साक्षीदार बोलावून आजीआजोबा चौघेही कुलीन आहेत का, रक्त 'शुद्ध' आहे का, घरात कोणी हाताने काम करून पोट भरत होतं का, हे सगळं लिहून घ्यायचे. घराण्याची माहिती भरपूर मिळते, पण साक्षीदार बहुतेक वेळा ओळखीचे, वाईट कोण सांगणार. नावं आणि गावं घ्या, स्तुती सोडून द्या.

आता पत्रं वाचायची कशी. समजा गठ्ठा उघडला. त्यात साधारण तीन प्रकार मिळतात आणि ते वेगळे करता आले की काम निम्मं झालं. पहिला प्रकार सूचनापत्र, निघताना राजाने दिलेलं, बहुतेकदा दोन, एक दाखवायचं आणि एक लपवायचं. माणसाला कशासाठी पाठवलं हे दुसऱ्यात असतं. दुसरा प्रकार राजदूताची स्वतःची पत्रं, यातला नाजूक भाग आकडे आणि खुणांच्या गुप्त लिपीत, आणि माद्रिदच्या कारकुनाने उलगडा ओळींच्या वर नाहीतर वेगळ्या कागदावर लिहिलेला. कुठला मजकूर गुप्त लिपीत घातला हेच बघा आधी, त्यावरून त्याला भीती कशाची होती ते कळतं. तिसरा प्रकार म्हणजे 'कोन्सुल्ता', राज्य परिषदेने पत्रांचा सारांश करून राजापुढे ठेवलेला कागद, बाजूला किंवा वर राजाचा निर्णय. लोक इथे फसतात, कोन्सुल्ता वाचून राजदूत असं म्हणाला लिहितात, प्रत्यक्षात ते परिषदेने चाळून-गाळून ठेवलेलं असतं. मूळ पत्र आणि कोन्सुल्ता शेजारी ठेवून काय गाळलं ते बघितलं तर तुमच्या लेखात असं काहीतरी येईल जे विकिपीडियावर नाही.

हस्ताक्षराची धास्ती घेऊ नका. कोर्टाच्या कारकुनांचं एकात एक गुंतलेलं अक्षर भयंकरच असतं, पण राजदूतांची पत्रं राजाला वाचायची म्हणून चांगल्या चिटणीसाने लिहिलेली असतात, थोडी सवय झाली की जमतं. अगदीच नाही जमलं तर इंग्लंडपुरती सोय आहे, सिमांकासच्या कागदांचे इंग्लिश सारांश एकोणिसाव्या शतकापासून छापलेत आणि ऑनलाइन मिळतात, मेंदोसाच्या लंडनच्या काळासाठी तर खजिना आहे. मेंदोसा १५७८ ते १५८४ तिथे होता, राणी एलिझाबेथविरुद्धच्या थ्रॉकमॉर्टन कटात हात सापडला म्हणून जानेवारी १५८४ मध्ये हाकलला, मग पॅरिसला गेला आणि तिथून परत तेच उद्योग. शेवटी आंधळा झाला आणि माद्रिदमध्ये १६०४ मध्ये वारला. सारांश वाचून तो कसा चिडायचा, कुणाला पैसे द्यायचा, सगळं दिसतं. फक्त सारांश तो सारांशच, थेट अवतरण चिन्हात टाकायचं असेल तर मूळ शोधा.

आणि आता माझा आवडता भाग, पैसा. सरदार राजदूत म्हणजे पैशात लोळणारा असं आपल्याला वाटतं, आणि त्याच्या हयातीत लोकांनाही वाटावं अशीच सगळी व्यवस्था होती. नोकरचाकर, घोडे, मेजवान्या, घरातच चॅपल, हा सगळा थाट राजाच्या इभ्रतीचा, पण खर्च बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून, कारण पगार वेळेवर न येणं हे पाचवीलाच पुजलेलं. गोंदोमारच्या पत्रांत ही रड सतत आहे. त्यातच त्याला इंग्रज दरबाऱ्यांना माद्रिदने कबूल केलेले वर्षासने द्यायचे असायचे, ते थकले की माहिती देणारी तोंडं बंद. म्हणून तक्त्यात एक रकाना पैशाचा ठेवाच. पगार किती ठरला, प्रत्यक्ष कधी आला, कर्ज कुणाचं, जमीन गहाण पडली का, आणि मग राजाकडे काय मागितलं. पदव्या, ऑर्डरची मानाची जागा, मुलाला नोकरी, हे बऱ्याचदा थकबाकीच्या बदल्यात आलेलं असतं. राजाला रोख देणं जड जायचं, काउंट करणं स्वस्त. हा रकाना भरला की १६१७ ची पदवी एकदम वेगळी दिसायला लागते.

चलनाचा हिशोब हाताशी ठेवा. एक रेआल म्हणजे ३४ मारावेदी, एक दुकादो म्हणजे ३७५ मारावेदी, म्हणजे अकरा रेआल आणि वर एक मारावेदी. एस्कुदो हे सोन्याचं नाणं वेगळं आणि त्याची किंमत सरकार बदलायचं, १६०९ मध्ये ४०० वरून ४४० मारावेदी केली. त्यामुळे दुकादो आणि एस्कुदो एकच धरून बेरीज करू नका. आणि 'आजच्या पैशात इतके कोटी' असलं गणित तर अजिबात नको, त्यापेक्षा त्याच गठ्ठ्यात चिटणिसाचा पगार किंवा घरभाडं सापडतं त्याच्याशी तुलना करा, वाचकाला लगेच अंदाज येतो.

घर कुठे घेतलं हे पण पैशाच्याच रकान्यात घाला, त्यातून गल्लीतलं राजकारण कळतं. गोंदोमार आधी बार्बिकन भागात राहायचा, जुलै १६१८ मध्ये त्याच्या माणसाच्या घोड्याचा एका पोराला धक्का लागला आणि चिडलेला जमाव घरावर चालून आला, दगडफेक, खिडक्या फुटल्या. दुसऱ्या खेपेला तो हॉबर्नच्या ईली हाऊसमध्ये राहिला, तिथल्या चॅपलमध्ये कॅथलिक प्रार्थनेला लंडनचे लोक यायचे आणि त्यावरूनही बोंब. एक राजदूत, दोन पत्ते, आणि शहराशी असलेलं नातं दोन ओळींत उभं राहतं.

विसाव्या शतकातल्या माणसासाठी एक वेगळा प्रश्न विचारायला लागतो, हा परीक्षा देऊन आलेला करिअर डिप्लोमॅट की राजकीय नेमणूक. माद्रिदची डिप्लोमॅटिक स्कूल १९४२ ची. आल्बाचा १७ वा ड्यूक हाकोबो फिट्झ-जेम्स स्टुअर्ट हा करिअरवाला नव्हता, त्याला लंडनला पाठवलं ते त्याच्या ओळखींसाठी. आणि ओळखी कसल्या! त्याचा पूर्वज बेरिकचा ड्यूक, इंग्लंडच्या जेम्स दुसऱ्याचा अनौरस मुलगा, आई अराबेला चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिलशी लांबचं का होईना नातं लागतं. शिक्षण इंग्लंडमध्ये, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पोलोचं रौप्यपदक. १९३७ पासून तो लंडनमध्ये फ्रँकोचा प्रतिनिधी आणि १९३९ ते १९४५ राजदूत. त्याचा माद्रिदचा लिरिया राजवाडा यादवी युद्धात, नोव्हेंबर १९३६ मध्ये, बॉम्बहल्ल्याच्या आगीत जळाला, बॉम्ब कुणाचे, तर फ्रँकोच्याच बाजूच्या विमानांचे, आणि पुढच्याच वर्षी हा फ्रँकोचाच माणूस म्हणून लंडनमध्ये. इथे थांबा, घाई करू नका, हा विरोधाभास नीट समजावून द्या. तो राजेशाहीवादी होता, त्याला फ्रँको हा राजा परत येण्याचा रस्ता वाटत होता. मार्च १९४५ मध्ये गादीचा वारस डॉन हुआन याने जाहीरनामा काढून फ्रँकोला पायउतार व्हायला सांगितलं आणि आपल्या माणसांनी राजीनामे द्यावेत असा निरोप दिला, तेव्हा ज्या अगदी थोड्यांनी ऐकलं त्यात आल्बा. बाकीच्यांनी खुर्ची धरून ठेवली. १९५३ मध्ये तो लोझानला वारला.

अशा माणसावर लिहिताना दोन्ही टोकं टाळायची, तो फ्रँकोसाठी काम करत होता हे लपवायचं नाही आणि राजीनाम्यामुळे त्याला संत पण करायचं नाही. समोरच्या देशाची कागदपत्रं इथे फार उपयोगी पडतात, लंडनच्या क्यू भागातलं ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार बघा, राजदूत स्वतःबद्दल जे माद्रिदला कळवतो आणि ब्रिटिश अधिकारी त्याच्याबद्दल जे लिहून ठेवतात त्यात गमतीशीर तफावत असते. आरेइल्सालाही हेच लागू, १९३७ मध्ये बिल्बाओचा फ्रँकोवादी महापौर, १९६४ नंतर विरोधात, आणि डिसेंबर १९७५ मध्ये फ्रँको गेल्यावरच्या पहिल्या सरकारात परराष्ट्रमंत्री. तो का बदलला याचं उत्तर एका ओळीत देऊ नका, वर्षं लावा आणि वाचकाला बघू द्या.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरुवात करायची सक्ती नाही. गोंदोमारचं मी १६१३ पासून सुरू करेन, पोर्ट्समथ बंदरात त्याच्या जहाजांना इंग्लिश झेंड्यापुढे आपला झेंडा उतरवायला सांगितलं, याने साफ नकार दिला आणि थेट राजाला पत्र धाडलं, आणि जेम्सने मान्य केलं. इंग्लंडमध्ये पाय ठेवायच्या आधीच माणूस कसा आहे ते कळलं. मग मागे जाऊन गॅलिशियाचा किनारा, इंग्लिश दर्यावर्दी ड्रेकच्या स्वाऱ्या, वायादोलिद आणि तोरोतली कोरेहिदोरची, म्हणजे राजाने शहरावर नेमलेल्या अधिकाऱ्याची, नोकरी, हे दोन परिच्छेदांत उरकता येतं. तिथे रेंगाळू नका, वाचक लंडनची वाट बघतोय.

शेवटच्या भागासाठी मृत्युपत्र आणि घरातल्या वस्तूंची यादी शोधा, नोटरींची दप्तरं प्रांतांच्या अभिलेखागारांत असतात. गोंदोमार १६२६ मध्ये ला रिओखातल्या कासालारेइनाला वारला, पण त्याची मोठी मिळकत वायादोलिदच्या कासा देल सोल या घरात होती, पुस्तकं. स्पेनमधल्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या खाजगी संग्रहांपैकी तो एक, कार्लोस चौथ्याच्या काळात, १८०६ मध्ये, त्याचा मोठा भाग माद्रिदच्या राजवाड्याच्या ग्रंथालयात गेला आणि त्याच्या पत्रव्यवहाराचे गठ्ठेही तिथेच आहेत, कॅटलॉगसकट. घर आता राष्ट्रीय शिल्प संग्रहालयाकडे आहे. पगारासाठी आयुष्यभर रडलेला माणूस पुस्तकांवर इतका पैसा कुठून घालत होता, हा प्रश्न तुमच्या पैशाच्या रकान्यातून सुटतोय का ते बघा, आणि नसेल सुटत तर अजून एकदा त्या गठ्ठ्यांत शिरा.